बाहेरगावचा भाव

स्टीलचा डबा श्रीरंगच्या कपाळावर बसला तेव्हा आधी आवाज झाला, रक्त मागाहून आलं. झाकण उडालं, भाकरी टेबलाखाली गेली आणि ठेचा थेट जखमेत. सुरतच्या लायब्ररीचा हा चष्मेवाला, कधी कुणाशी मोठ्यानं न बोललेला कारकून गुरासारखा हंबरला. तारानं तोवर डबा पुन्हा उचलला होता. या खेपेला तिनं नियमांच्या फलकाची काच फोडली.

वाचत बसलेली पोरं धावून आली. एरवी पुस्तकात मान घालून बसणाऱ्यांच्या हातात एवढी ताकद असते, हे ताराला तेव्हा कळलं. एकानं तिचा अंबाडा धरून मागं ओढलं, दुसऱ्यानं हात पिरगाळला. वॉचमननं तोंड दाबलं, तर तिनं त्याचं बोट असं चावलं की तो ‘मरी गयो’ म्हणत खालीच बसला. मग कुणीतरी पाठीत गुडघा घातला. तिचा गाल फरशीवर दाबला गेला, फलकाच्या काचा तळहातात शिरल्या. समोर तिची मुलगी स्वाती दप्तर छातीशी धरून ‘आई, पुरे, आई, पुरे’ एवढंच म्हणत होती.

फरशीवरूनच तारा ओरडली, “माह्या नवऱ्याले तापीकाठी जाळलं, तवा कोनं बाहेरगावचा भाव नाही लावला.”

श्रीरंग रुमालानं कपाळ पुसत बसला होता. त्याचा हात मध्येच थांबला. रक्त चष्म्यावर आलं तरी त्यानं पुसलं नाही.

तसं पाहिलं तर भांडण पैशाचं नव्हतंच. पैसे तिच्या पदराला बांधलेले होते. त्या महिन्यापासून लायब्ररीला दोन खिडक्या झाल्या होत्या: गावातल्यांची फुकट, बाहेरच्यांची फीची. श्रीरंगनं मराठी माणूस म्हणून नीट समजावलंही होतं, की सुरतचा पत्ता आणि सरकारी शिक्का असलेला कुठलाही एक कागद आणा ताई, लगेच कार्ड देतो. नेमका तोच तिच्याकडे नव्हता. लग्न होऊन ती आली ती सुरतेतल्याच भेस्तानला, लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यावरच्या खोलीत, आणि तिथंच तिचे केस पिकले. पण लाइट बिल शेठच्या नावाचं. आधार, रेशनकार्ड, मतदान, सगळं मलकापूरकडच्या गावाचं. ते बदलायला तिनंच हात लावू दिला नव्हता. तिकडून नाव कटलं की गाव आपलं राहत नाही, असं ती नवऱ्याला बजावायची. विठ्ठल हसायचा. आता हसायला तोही उरला नव्हता.

खालचे लूम असे धडधडत, की खोलीतली भांडीसुद्धा मांडणीत स्वस्थ बसत नसत. स्वातीची नर्सिंगची परीक्षा तोंडावर आलेली. तिनं वाचायचं तर लायब्ररीतच. म्हणून तारा गाठ सोडून फी भरायलाही निघाली होती. श्रीरंगनं फक्त बोट दाखवलं, ‘ती खिडकी, बाहेरगावच्यांची,’ आणि पदराकडे गेलेला तिचा हात डब्याकडे वळला.

पोलीस चौकीत चंचलबेन नावाच्या महिला पोलिसानं विचारायच्या आधीच तिच्या कानाखाली लगावली. तारानं उलट हात उगारला, तशी दुसरी बसली. कानात लूम सुरू झाले. ओठ फुटला. ती बाकावर बसली आणि तोंडातलं रक्त गिळत राहिली. शेजारी स्वाती, परक्याच्या घरी बसावं तशी.

दुपारी श्रीरंग आला. कपाळाला टाके, त्यावर पट्टी, एक डोळा सुजून बंद. जमादार तसा समजूतदार. बाईमाणूस आहे, तुमच्याच मुलखातली आहे, माफी मागेल, सोडून द्या, असं त्यानं सुचवलं. ताराला माफी मागायला जड गेलं, पण स्वातीकडे पाहून तिनं हात जोडले.

“माफी नको,” श्रीरंग म्हणाला. “तक्रार लिहा.”

ताराच्या मनात आलं, तेव्हाच याच्या डोक्यात दुसऱ्यांदा डबा घालायला हवा होता. आपल्याच भाषेचा माणूस, आणि गळा कापायला पहिला. तिनं त्याला मनातल्या मनात ठेवणीतल्या शिव्या दिल्या, त्याच्या सात पिढ्यांना पुरतील अशा.

जमादारानं नाव विचारलं, पत्ता विचारला. ताराच्या तोंडून सवयीनं गावाचं नाव निघालं. श्रीरंगनं त्याला थांबवलं. ते नको, बाई राहते कुठं ते लिहा, भेस्तान, कारखान्यासकट लिहा. जमादार वैतागला. एवढ्याशा मारामारीला एवढा पत्ता कशाला? पण श्रीरंग हटेना. मग जमादारानं लिहिलं, सगळं लिहिलं. लाइट बिल मागितलं नाही, की आधार पाहिलं नाही. डोकं फोडणाऱ्याचा पत्ता सरकार असाच खरा मानतं.

श्रीरंगनं सही केली. तक्रारदाराची प्रत मागून घेतली. त्यावर शिक्का नव्हता, तर शिक्का मारून मागितला. मग एका डोळ्यानं सावकाश वाचलं, ‘रहेवासी भेस्तान, सुरत’ या ओळीवर बोट टेकवलं, आणि शाई वाळायचीही वाट न पाहता कागद स्वातीसमोर धरला.

“हा चालतो. आईचा पत्ता तोच तुझा. उद्या फोटो घेऊन गावातल्यांच्या खिडकीवर ये,” तो तिला म्हणाला. मग ताराकडे वळला. “तक्रार मागं घेईन, ताई. पण आधी पोरीचं कार्ड होऊ द्या.”