पाइपवरची ठणठण

ताश्कंदच्या त्या इमारतीत कुणाचा आवाज वाढला की शेजारी गरम पाण्याचा पाइप ठोकायचे. दिलोरोमच्या घरी मात्र पियानो थांबला की पाइप वाजायचा. आई सूतगिरणीत जाताना खालच्या मजल्यावरच्या सायोरा आपाला रोज बजावून जायची, "आपा, पोरगी थांबली रे थांबली की ठोका."

त्या ठणठणीनंच दिलोरोमला मोठी पियानोवादक केलं. देशोदेशीच्या सभागृहांत टाळ्या पडल्या, पण दोन रचनांच्या मधल्या शांततेत अजूनही ती कान टवकारायची, आता पाइप वाजेल म्हणून.

आई वारली, त्या हिवाळ्यात तिनं पुढचे सगळे कार्यक्रम रद्द करून टाकले. आईच्या रिकाम्या घरात येऊन पियानोचं झाकण लावलं आणि जन्मात पहिल्यांदा निवांत चहा घेऊन बसली.

ठण, ठण, ठण.

ती तशीच बाल्कनीत धावली. "आपा, पुरे की आता! पन्नाशी उलटली माझी!"

खालून नव्वदीच्या आपाचा घाबराघुबरा आवाज आला,

"वाजव गं बाई! आई आत्ता गिरणीतून येईल, तिला काय सांगू मी?"