मधुशुभ्राच्या मनुका

“वाईनची द्राक्षं ती, लेकराच्या तोंडाला लावू नकोस,” असं जाऊबाई म्हणाल्या तेव्हा ऋतुजा हसली होती. “अहो ताई, वाईन पिंपात होते, वेलीवर नाही.” मग तिनं मधुशुभ्राच्या मनुका भिजत घातल्या आणि ते पाणी रांगत्या लेकीला, रेवाला, चमच्यानं पाजायला लागली.

मधुशुभ्रा ही गोड वाईनसाठी घडवलेली नवी पांढरी जात. साखर उतरावी म्हणून घड वेलीवरच सुकू देत, तरी बागेला जाळी लागत नसे. पाखरू एखादा मणी टोचायचं आणि निघून जायचं. “आमची पाखरं संस्कारी आहेत,” बाग सांभाळणारा तिचा नवरा पाहुण्यांना सांगायचा.

रेवाही हल्ली रडत नव्हती. “गुणाची गं पोर,” बायका म्हणत. ऋतुजाला मात्र त्या गुणाचीच धास्ती वाटू लागली. दूध पुढे केलं की रेवा हसून मान फिरवायची. तिची झबली सैल होत चालली होती.

एका सकाळी ऋतुजाला वेलीखाली मेलेला बुलबुल दिसला. उचलला, तर छातीचं हाड बोटाला टोचलं. वर घड लगडलेले होते.

“अहो, पाखरं एका मण्यावर परत का जातात?”

“पोट भरल्यासारखं वाटतं त्यांना,” तो म्हणाला. “नुसतं वाटतं.” आणि त्याची नजर रेवाच्या सैल झबल्यावर गेली.

मनुकांचं पाणी बंद झालं, तशी रेवा भुकेनं रडली. पण चैत्रातल्या हळदीकुंकवाला ऋतुजानं लेकुरवाळ्यांच्या ओटीत त्याच मनुका घातल्या होत्या, आणि कितीजणी तर परगावच्या होत्या. म्हणून ती भेटेल त्याला विनवते, तशी तुम्हालाही विनवते आहे. शेजारी एखादं बाळ फारच गुणी असेल, तर आजच जाऊन त्याला उचलून बघा, आणि ते पोटभर दूध कधी प्यालं ते विचारा.