हात न लावता धरतात तो

"उभा सात. 'पाठवणी'. चार अक्षरी," बाबा भिंतीकडे बघत मोठ्याने म्हणाले. मग आवाज खाली आणून बायकोला म्हणाले, "विचार."

"कुणाला?" आईने मुद्दाम विचारलं.

"ज्याला येत असेल त्याला."

ज्याला येत असेल ती आतल्या खोलीत बॅगेची चेन ओढत होती आणि दार सताड उघडं होतं. तिला सगळं ऐकू जात होतं. तरी आई हातातल्या टॉवेलची घडी अर्धवट टाकून उठली, दारापर्यंत गेली आणि लेकीला तोच प्रश्न जसाच्या तसा विचारला. गेला महिनाभर ती हेच करत होती. चहा झालाय म्हणावं. गोळी घेतली का विचार. दुकानाच्या किल्ल्या कुठे ठेवल्यात विचार. दोन खोल्यांमधल्या या हेलपाट्यांनी तिचे पाय भरून यायला लागले होते.

"येत नाही म्हणावं," लेक म्हणाली.

"येत नाही म्हणते."

"ऐकलं मी," बाबा म्हणाले.

रविवारच्या पेपरातलं मोठं शब्दकोडं बापलेक मिळून सोडवायचे. आडवे शब्द बाबांचे आणि उभे तिचे, ही वाटणी ती शाळेत असल्यापासूनची. मग बाबांच्या चष्म्याच्या दुकानाची नवी पाटी तिच्या नावासकट रंगवून घरी आली, आणि नेमकं त्याच दिवशी तिने परदेशातली नोकरी पक्की झाल्याचं सांगितलं. "आधी विचारायचं तरी," एवढंच बाबा बोलले. त्यानंतर तिच्याशी एक अक्षर नाही. तीही त्यांचीच लेक, तिनेही तोंड शिवून घेतलं. पाटी माळ्यावर गेली आणि रविवारचं कोडं दर वेळी अर्धंमुर्धं राहायला लागलं.

आज तिचं विमान होतं. पुढची दोन वर्षं सुट्टी नव्हती. खाली गाडी कुठल्याही क्षणी येणार होती, आणि हे गृहस्थ पेन घेऊन कोड्यात डोकं घालून बसले होते. आईच्या डोक्यात सकाळपासून एकच घोळत होतं. समोरासमोर असताना जी दोघं बोलत नाहीत, ती समुद्रापलीकडून फोन करून काय बोलणार? आज राहिलं ते राहिलंच.

"आडवा सहा," भिंतीला पुन्हा प्रश्न गेला. "'हात न लावता धरतात तो'. तीन अक्षरी. पहिलं 'अ'."

आत चेनचा आवाज थांबला.

"आडवा आहे ना? मग तुमचा तुम्ही सोडवा," आई म्हणाली. "मी काही तुमचं टपालखातं नाही."

"मधलं अक्षर उभ्या सातातून येतं. तो अडलाय, म्हणून हा अडलाय."

आईचा संयम सुटला. "खड्ड्यात गेलं ते कोडं. पोर घर सोडून चाललीय आणि तुम्ही घरं मोजताय. अशी बोळवण करतात का लेकीची?"

बाबांनी मान वर केली. त्यांचे ओठ हलले. आता बोलतील, आईला वाटलं, आता आत हाक मारतील. पण ते बोटांवर मोजत होते. बो, ळ, व, ण.

"बसतोय," ते म्हणाले आणि लिहायला लागले.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. या माणसाबरोबर आपण इतका संसार कसा केला, असं तिला खरंच वाटलं. टॉवेल खुर्चीवर भिरकावून ती खिडकीशी गेली. खाली गाडी लागत होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

मागे वळून पाहिलं तेव्हा बाबांचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि हलत नव्हतं. ते कोड्यात एकाच ठिकाणी बघत होते. मग त्यांनी सावकाश काहीतरी लिहिलं, पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

लेक बॅग ओढत बाहेर आली. डोळे सुजलेले, केस मात्र नीट बांधलेले. बाबांच्या खुर्चीपाशी ती थांबली, पण बघितलं आईकडेच.

"आई, निघते म्हणून सांग त्यांना."

महिनाभर आईने इकडचं तिकडे पोचवलं होतं. हे तिला पोचवता येईना. ती खिडकीशी तशीच उभी राहिली, पडदा मुठीत धरून. खाली पुन्हा हॉर्न वाजला. लेकीने वाट पाहिली, मग बॅगेचा दांडा धरला आणि दाराकडे वळली.

"अगं," बाबा म्हणाले.

ती थांबली. बाबा खुर्चीतून उठले. घडी घातलेला पेपर त्यांनी तिच्यापुढे धरला.

"हा आडवा सहा. माझाच आहे, पण सुटत नाहीये मला."

लेकीने वाकून पाहिलं. अ, बो, ला. तिन्ही घरांत बाबांचं ठसठशीत अक्षर होतं.

"लिहिलाय की, बाबा," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण घोगरा.

"लिहिता आला गं," बाबा म्हणाले. "सोडता येईना."