जबड्याचं निळं टोक

जबडा दारात अडकला. हनुवटी जिन्यात, बाकी सगळा घरात.

“तिरका घ्या, तिरका!” जिन्यातून संग्रहालयाचे प्राध्यापक ओरडत होते. हमालांनी तिरका घेतला, उभा घेतला, पालथा घातला. शेवटी घाम पुसत एक जण म्हणाला, “ताई, हा आत गेला कसा?”

“गेला नाही. आतच झाला,” मुलगी म्हणाली.

खरंच होतं ते. अडीच महिन्यांच्या गर्भाच्या जबड्याचं हे मेणाचं मॉडेल. मूळचा जबडा तांदळाच्या दाण्याएवढा. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे पातळ काप बघायचे, एकेक काप कितीतरी पटींनी मोठा करून मेणाच्या पत्र्यावर काढायचा, कापायचा आणि पत्र्यावर पत्रा चढवत जायचं, अशी बाबांची पद्धत. शरीररचनेच्या संग्रहालयासाठी त्यांनी आयुष्यभर अशीच मॉडेलं केली. यकृत केलं, मूत्रपिंड केलं, सगळी दारातून सुखरूप बाहेर पडली. जबड्याच्या वेळी मात्र त्यांचं भान सुटलं. हाड पिवळं, कूर्चा निळी. वाढता वाढता आधी जेवणाचं टेबल गेलं, मग खिडकी गेली. मेण वितळवायला दुधाचं पातेलं गेलं, तेव्हा आईने अबोला धरला.

बाबाही कमी नव्हते. त्यांनीही धरला. जो आधी बोलेल तो हरला. “तुझ्या बाबांना सांग, पानं वाढलीत.” “तुझ्या आईला सांग, आलोच.” तिघं जबड्याभोवती गुडघे आखडून जेवत आणि मुलगी हातभर अंतरावरचे निरोप इकडून तिकडे पोचवत असे. शेवटचा पत्रा बसला, आणि आठवडाही गेला नाही तोच बाबा झोपेत गेले. अबोला तसाच राहिला.

तेव्हापासून आई सगळ्याबद्दल बोलायची. नळाबद्दल, दुधाबद्दल, शेजारणीच्या सुनेबद्दल. बाबांबद्दल अक्षर नाही. डोळ्यांत टिपूस नाही. भेटायला आलेली माणसं जाताना कुजबुजत, “फार खंबीर बाई.” मुलीला त्या खंबीरपणाचीच धास्ती वाटे. आज जबडा गेला की घरात बाबांचं असं काही उरणार नव्हतं. मग आई त्यांच्याबद्दल जन्मात बोलणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

“मागची ही निळी टोकं आडवी येतायत,” प्राध्यापक जबड्यातून डोकं आत काढून म्हणाले. “करवत आणा. कापून टाकू.”

“बाबांनी केलेली टोकं?”

“अगं, बाळाच्या जबड्यातही ही कूर्चा टिकत नाहीच. मऊ दांडी असते नुसती, आपल्या नाकाच्या शेंड्यासारखी. हाड तिच्यातून होत नाही. ते तिच्या शेजारी धरतं, तिच्या आधाराने वाढतं. मग ती विरून जाते.”

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. “सगळी विरते?”

“सगळी नाही, वहिनी. मागचं टोक उरतं. हे बघा, हे. पुढे त्याची कानातली हाडं होतात. हातोडी आणि ऐरण म्हणतात त्यांना.”

“म्हणजे जबड्याचा कान होतो?”

“या टोकाचा होतो म्हणा ना.”

“हे ह्यांना ठाऊक होतं?”

“ठाऊक? अहो, मी त्यांना म्हटलं होतं, टोकं एवढी मोठी कशाला करताय? तर म्हणाले, असू द्या. बारीक आवाजात बोललेलंही ऐकू यायला हवं.”

हमाल करवत घेऊन पुढे आला. आईने त्याला हातानेच बाजूला सारलं. मुलगी सवयीने मध्ये आली. “काही सांगायचंय का, आई? मी सांगते.”

“तू मध्ये पडू नकोस.”

ती वाकली. निळ्या टोकाला जवळजवळ ओठ लावले. तिचा असा आवाज मुलीने कधी ऐकला नव्हता.

“अहो, ऐकलंत का? मी आधी बोलले.”

प्राध्यापकांचं डोकं जबड्यात होतं तिथेच राहिलं. खालच्या पायरीवरच्या हमालाच्या खांद्यावर सगळी हनुवटी आली होती, तो हळूच म्हणाला, “आजी, झालं का? कापायचं?”

आईने डोळे पुसले नाहीत. टोकाला कान लावला आणि एक हात वर केला.

“थांबा की जरा. आता त्यांची पाळी आहे.”