ऐकण्याचं प्रात्यक्षिक

फुलाबाई शाळेच्या पडवीत येऊन बसली, तसं सबनीस सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून पुढ्यात ठेवलं.

अडुसष्ट सालचा हिवाळा. पुण्याहून समाजकार्य शिकणारी बारा मुलं पासलीला शिबिराला आली होती, आणि आज त्यांचं प्रात्यक्षिक होतं. गावच्या माणसाचं दुःख ऐकायचं. नियम फळ्यावर लिहिलेले. सल्ला द्यायचा नाही. आपणहून मदत पुढं करायची नाही. समोरच्याच्या मनात काय चाललंय, तेवढं त्याला बोलून दाखवायचं. सर विलायतेत दोन वर्षं दुसऱ्याचं ऐकायला शिकून आले होते. तेव्हापासून ते कुणाचंच ऐकत नसत.

आज पाळी शेवंताची. वर्गात खेड्यातली ती एकटीच, इथल्याच शेजारच्या पाली गावची. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे शिष्यवृत्ती बंद. ती बंद म्हणजे परत पाली, भाताची लावणी आणि बाप दाखवेल तो नवरा.

“सरपंच म्हनले, पुन्याची मानसं गावाचं दुक ऐकाया आल्यात, जा,” फुलाबाई म्हणाली. “लेक आडलीया माजी. कालच्या सकाळधरनं. सुईन म्हनती, आता माज्या हातात न्हाई.”

अडलेलं बाळंतपण म्हणजे काय, ते शेवंतानं पालीत पाहिलं होतं. तरी पाठ केलेलं वाक्य बरोबर बाहेर पडलं. “मावशी, तुम्हाला फार काळजी वाटतेय.”

“व्हय, बाई.”

फुलाबाई गप्प झाली. गप्प बसलेल्याला गप्प बसू द्यावं, हाही नियमच. बाकीची अकरा मुलं वहीत काहीबाही लिहीत होती.

“ती गाडी तुमचीच म्हनायची?” फुलाबाईनं चिंचेखालच्या जीपकडं बघत विचारलं.

“हो.”

“लई पळत आसंल. वेल्ह्याच्या दवाखान्यापतुर किती येळात जाती?”

शेवंताला कळलं. परक्यापुढं तोंड उघडून कुणी मागत नाही इकडं. माणूस त्या वस्तूभोवती घुटमळतं, तिची चौकशी करतं, आणि मग समोरच्यानं म्हणायचं असतं, ‘न्या की.’ तिची आई शेजारणीकडं मीठ मागायला जायची, तीसुद्धा अशीच. पुण्याच्या मुलांना हे कुठून ठाऊक असणार? शेवंताला ठाऊक होतं. दोन शब्दांचं काम होतं.

तिनं सरांकडं पाहिलं. सरांनी बोटानं फळा दाखवला.

“मावशी,” शेवंता म्हणाली, “तुम्हाला एकटं पडल्यासारखं वाटतंय.”

फुलाबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

“तुमी कुठल्या, बाई?”

“पालीची.”

“पालीच्या व्हय,” फुलाबाई म्हणाली. पदर सावरून उठली. “येते मी. लई येळ मोडला तुमचा.”

ती फाटकाबाहेर पडते न पडते तोच सरांनी टाळी वाजवली. “शाबास! एक सल्ला नाही, एक आश्वासन नाही. शिका हिच्याकडून. बाई कशी मन मोकळं करून गेली, पाहिलंत?” आणि वहीत शेवंताच्या नावापुढं पैकीच्या पैकी गुण टाकले. मुलांनी तिच्याकडं चहा मागितला. तिला आनंद झाला, आणि झाला म्हणून स्वतःची किळसही आली.

फुलाबाईच्या लेकीला झोळीत घालून चार गडी मागच्या पायवाटेनं कधी गेले, ते शिबिरात कुणाला कळलं नाही. झोळी दिसली ती परत येताना, तिन्हीसांजेला, शाळेसमोरून. वेल्ह्याला जाऊन यायला एवढा वेळ पुरत नाही. झोळी अर्ध्या वाटेतून फिरली होती. आतल्या लेकीचं तोंड झाकलेलं होतं. मागून फुलाबाई चालत होती, आणि शाळेकडं तिनं मान वळवली नाही.

जीपचा ड्रायव्हर सावळाराम विडी टाकून उभा राहिला. “सकाळी आलती तीच ना ही? अन् लेकीला घिऊन पायी गेलती? अवो, दिसभर गाडी हितं नुसती हुबी हाय. तासाभरात सोडली आसती म्या.”

शेवंता झोळीकडं बघत होती.

“मागितली न्हाई व्हय तिनं?”

“नाही,” शेवंता म्हणाली. “मागितली नाही.”