खरी चक्कर

दवाखान्यात खाटेवरल्या म्हाताऱ्यापुढे मुलाने फोन धरला. "तुमच्या जुन्या गाडीत जीपीएस लपवलंय, बाबा. चोराने नेली तरी हा ठिपका पत्ता सांगेल." म्हाताऱ्याने चष्मा पुसून नकाशावरचा ठिपका निरखला. गाडी घरासमोरच उभी होती. "चालू होते ना गाडी?" "होते की. कालच बाजारापर्यंत चक्कर मारली." म्हातारा गालात हसला. उशीखालच्या रुमालातून त्याने अंगठ्याएवढा रोटर काढला. चाळीस वर्षं गाडी उभी केली की तो इंजिनातला हा भाग काढून खिशात टाकायचा. त्याशिवाय ती चोरालाच काय, धन्यालाही दाद देत नसे. मुलगा ओशाळला. "तुमच्या जिवाला घोर नको म्हणून..." म्हाताऱ्याने रोटर पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हातावर ठेवला. "आता खरी चक्कर मार. फोन ठेव इथे." तासाभराने ठिपका हलला. चादरीखाली म्हाताऱ्याचा डावा पाय आपसूक क्लच दाबू लागला.