जुना व्हॉल्व्ह

भवानीनगरच्या अलीकडे गाडीने पुन्हा ओढ सोडली. समोर पिवळा दिवा लागला, इंजिन थरथरलं आणि मागून आलेला उसाचा ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न देत पुढे निघून गेला.

"गेल्या महिन्यातच व्हॉल्व्ह बदललाय," रविराज म्हणाला. कन्हेरीतून निघाल्यापासून त्याचं हे पहिलंच वाक्य, आणि तेही गाडीला उद्देशून.

शेजारी त्याची बायको, सारजा, बसली होती. मागच्या सीटवर तिची बॅग होती. वरकुट्याला, माहेरी, ती 'थोडे दिवस' राहायला निघाली होती. थोडे म्हणजे किती, हे तिने विचारलं नव्हतं. काल सासूच फोनवर कुणाला तरी मोकळेपणाने सांगत होती, "हिलाबी दिवस जाईनात. आता तिसरी बघायची." सारजा तेव्हा तिच्या दुखऱ्या गुडघ्याला तेल चोळत होती. सासूला ती आत्याबाई म्हणत असे. आत्याबाईंचं बोलणं संपेपर्यंत तिने तेल चोळलं.

पहिलीलाही अशीच पाठवली होती. तिचं पुढे काय झालं, कुणी विचारलं नाही. घरात तिचा फोटो नव्हता, तिचं नावही निघत नसे. नुसती 'पहिली'. दोष तिच्यात होता म्हणे. आता तो सारजात होता. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी सारजाचं सगळं तपासलं, सगळं चांगलं निघालं, तेव्हा 'आता यांना घेऊन या' असं सांगितलं होतं. 'यांना' काही सवड झाली नाही.

सारजाला राग यायला हवा होता. तो येत नव्हता. तिला कसलंच काही वाटत नव्हतं.

रस्त्याकडेला पत्र्याचं गॅरेज दिसलं. मागे दोन खोल्यांचं घर. बिरू नावाच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून स्कॅनर लावला.

"व्हॉल्व्ह कंट्रोलचं सर्किट दाखवतंय. करंट पोचत न्हाय."

"व्हॉल्व्ह नवा हाय. बारामतीत टाकलाय."

"मग आधीबी हेच दाखवलं आसंल."

"व्हय."

"जुना कुठंय?"

जुना व्हॉल्व्ह डिकीत फडक्यात गुंडाळून पडला होता. तो घेता घेता बिरूने घराकडे हाक मारली, "अगं, ताईंना आत बसव. ऊन हाय."

आत बिरूची बायको होती. कडेवर दीडेक वर्षाची मुलगी, नाक थेट आईचं. तिने सारजाला पाणी दिलं.

"कुठनं आला?"

"कन्हेरीवरनं. वरकुट्याला चाललोय. माहेरी."

बाईने खिडकीतून बाहेर पाहिलं. रविराज कमरेवर हात ठेवून पाठमोरा उभा होता. ती जरा वेळ तशीच पाहत राहिली, मग वळून तिने चहाचं आधण ठेवलं.

"लग्नाला किती वर्षं झाली, ताई?"

"चार."

"लेकरू?"

"न्हाय."

यापुढे लोक एखादा देव सांगत, नाहीतर एखादा वैद्य. बाईने काहीच सांगितलं नाही. तिने कडेवरची मुलगी उचलून सारजाच्या मांडीवर ठेवली. गेल्या दोन वर्षांत सारजाच्या हातात कुणी आपलं मूल दिलं नव्हतं. मुलीने तिचं मंगळसूत्र मुठीत धरलं. सारजाला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही.

"हा त्यांना द्या," बाईने एक कप पुढे केला. "बिनसाखरेचा हाय."

मुलीला खाली ठेवून सारजा कप घेऊन बाहेर आली. रविराज साखर घेत नाही, हे आपण तिला कधी सांगितलं? सांगितलं असेल. हल्ली तिच्या काही लक्षात राहत नव्हतं.

बिरूने जुन्या व्हॉल्व्हला बॅटरीवरून दोन वायरी लावल्या. व्हॉल्व्ह टक्‌ वाजला. पुन्हा लावल्या, पुन्हा वाजला.

"ह्यो तर चांगला हाय, भाऊ. उगंच काढला."

"मग बिघाड कशात हाय?"

"तुमच्या वायरिंगमदी."

बॅटरीमागची टेप सोडवत तो वायर बोटांनी चाचपत गेला. वरून ती धडधाकट होती. एका जागी त्याने तिचं साल सोललं. आतलं तांबं हिरवं पडून तुटलं होतं.

"आजून तिसरा व्हॉल्व्ह टाकला आसता, तरी दिवा लागलाच आसता," बिरू म्हणाला.

रविराज चहा पीत राहिला. सारजाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच.

खराब तुकडा काढून बिरूने नवी वायर जोडली. गाडी सुरू झाली. दिवा विझला, थरथर गेली.

"जुना ठिवू का मी? दुसऱ्या गाडीला चालंल."

"ठेव. मला काय करायचाय?" रविराजने पैसे दिले आणि तो सारजाला म्हणाला, "चल, बस."

एवढ्यात घरातून ती मुलगी दुडुदुडु आली आणि बिरूच्या पायाला बिलगली. "पप्पा," म्हणत तिने त्याच्या हातातला जुना व्हॉल्व्ह मागितला. बिरूने तो पुसून तिला खेळायला दिला.

तिच्या मागोमाग आई बाहेर आली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, मुलीला उचलून कडेवर घेतलं आणि गाडीच्या दारापाशी जाऊन ती रविराजसमोर उभी राहिली.

"आत्याबाई बऱ्या हायत का?" तिने विचारलं. "गुडघा आजून दुखतोय का त्यांचा?"